चिलापी: टनेज बियाण्यात, उतारा खाद्यात

भिगवण-इंदापूरकडे उजनीच्या काठावर चिलापी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. धरणातून येते, पटकन विकली जाते, काटे कमी म्हणून पोरंही खातात. पुस्तकात हिचं नाव तिलापिया. गेल्या काही वर्षांत ती दोन वाटांनी बातमीत आली आहे. शेततळं असलेल्यांच्या मोबाईलवर ‘गिफ्ट तिलापिया, विक्रमी वाढ’ अशा जाहिराती येतात, आणि त्याच मोबाईलवर नातेवाइकांच्या ग्रुपमध्ये ‘तिलापिया खाऊ नका, त्यात काहीच सत्त्व नाही’ असा निरोप फिरतो. एकीकडे अमुक वाण तमुक वाणापेक्षा दीडपट वाढतं म्हणतात, दुसरीकडे वाढवलेल्या माशात दम नसतो म्हणतात.

दोन्ही दावे तपासायचे तर आधी उसाच्या फडात जाऊ.

## 86032 की 265?

ऊस लावणाऱ्याला उसाच्या वाणांचे हे दोन आकडे सांगितले की तो तासभर बोलू शकतो. 265 ला टनेज जास्त, चोपण जमिनीतही तग धरतो. पण साखरेचा उतारा, म्हणजे टनामागे निघणारी साखर, 86032 चा चांगला, म्हणून कारखान्यांचा ओढा तिकडे. शेतकऱ्याला वजनाचे पैसे मिळतात, कारखान्याला साखरेचे. ‘चांगलं वाण कोणतं’ याचं उत्तर विचारणारा कोण आहे, यावर बदलतं.

माशातही तेच. वाण म्हणजे एकाच जातीतली, वेगळ्या वंशाची आणि पिढ्यान्‌पिढ्या वेगळी जपलेली शाखा. तळं करणाऱ्याला टनेज हवं, ताटावर बसणाऱ्याला उतारा, म्हणजे सत्त्व. फरक एकच, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो: उसाचा उतारा बऱ्याच अंशी वाणावर ठरतो, चिलापीचा मात्र मोठ्या प्रमाणात ती काय खाते यावर. जाहिरातीत हे सांगत नाहीत, आणि ग्रुपवरच्या निरोपातही नसतं.

## चिलापी एक नव्हे

भारतात 1952 मध्ये जी चिलापी आली ती मोझांबिक तिलापिया. काळपट, काटक, कुठल्याही पाण्यात जगणारी. दोन-तीन महिन्यांतच ती अंडी घालू लागते. मग तळं पिल्लांनी भरतं, खाद्य वाटलं जातं आणि सगळ्याच खुज्या राहतात. देशी माशांच्या जागेवर ती हातपाय पसरेल या भीतीने 1959 मध्ये तिच्या प्रसाराला बंदी घातली गेली. तोवर ती जायची तिथे गेली होती.

दुसरी नाईल तिलापिया. मूळची आफ्रिकेची, प्राचीन इजिप्तच्या थडग्यांतल्या चित्रांतही ती दिसते. हिची वाढ मोझांबिकपेक्षा खूपच चांगली. आज जगात शेतीत वाढवली जाणारी बहुतेक तिलापिया हीच किंवा हिच्या संकरातली, आणि उत्पादनात चीन, इंडोनेशिया, इजिप्त आघाडीवर. लाल-गुलाबी दिसणारी ‘रेड तिलापिया’ बहुधा या दोघींच्या संकरातून आलेली. तिचं कौतुक मुख्यतः रंगाचं. ताटात काळ्या कातडीपेक्षा लाल कातडी बरी दिसते, एवढंच.

नाईलच्याही वाणांच्या गोष्टी आहेत. त्यांतली एक सांगायचा मोह आवरत नाही. जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो स्वतः माशांचे अभ्यासक. त्यांनी 1965 मध्ये थायलंडचे राजे भूमिबोल यांना 50 नाईल तिलापिया भेट दिल्या. जपानमधले हे मासे त्याआधी इजिप्तमधून आलेले. राजांनी ते चित्रलदा राजवाड्याच्या तळ्यात वाढवले, पिल्लं देशभर वाटली, आणि राजवाड्याच्याच नावाने ‘चित्रलदा’ हे वाण आजही ओळखलं जातं.

## ‘गिफ्ट’ म्हणजे काय?

1988 मध्ये फिलिपिन्समध्ये एक मोठं काम सुरू झालं. आज ‘वर्ल्डफिश’ नावाने ओळखली जाणारी संस्था, फिलिपिन्सच्या संस्था आणि नॉर्वेचे मत्स्यपैदासकार त्यात होते. नॉर्वेने सामन माशाची निवड करून त्याची वाढ पिढीगणिक सुधारली होती. तीच रीत गरिबाच्या माशाला लावायची, हा विचार.

त्यांनी आठ वंश जमवले. इजिप्त, घाना, केनिया आणि सेनेगल इथले चार थेट आफ्रिकेच्या पाण्यातून आणलेले. इस्रायल, सिंगापूर, तैवान आणि थायलंड इथले चार तळ्यांत रुळलेले. सगळ्यांना सांभाळून तळी, पिंजरे, भातखाचरं अशा 11 वेगवेगळ्या परिस्थितींत वाढवलं. अपेक्षा अशी की पाळीव मासे पुढे असणार. झालं उलटंच. घानाचे मासे मागे पडले, पण इजिप्त आणि केनियाचे रानटी मासे आशियातल्या रुळलेल्या माशांच्या बरोबरीने किंवा पुढे गेले. कारण बहुधा साधं आहे: आशियात मूळ मोजकेच मासे आले होते, त्यांच्यातच पिढ्यान्‌पिढ्या पैदास होत राहिली. भावकीतच सोयरीक करत राहिलं की जे होतं तेच माशांत झालं.

मग आठही वंशांच्या आपसातल्या 64 जोड्या लावून पाहिल्या. संकरातून फार मोठी उडी मिळेना. म्हणून त्यांनी सावकाशीचा मार्ग धरला: सगळ्यांतले उत्तम एकत्र करायचे, दर पिढीत जलद वाढणाऱ्या कुटुंबांतले मासे पैदाशीला ठेवायचे, बाकीचे विकायचे. प्रत्येक पिढीत वाढ 12 ते 17 टक्क्यांनी सुधारली. हे चक्रवाढ व्याज आहे. दर वेळी 13 टक्के धरले तरी पाच पिढ्यांत मूळच्या 100 चे 184 होतात. प्रत्यक्षातही पाच पिढ्यांनंतर सुमारे 85 टक्के वाढ नोंदली गेली. ‘जेनेटिकली इम्प्रूव्ह्ड फार्म्ड तिलापिया’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून ‘गिफ्ट’ शब्द झाला. भारतात हे वाण समुद्री उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाच्या राजीव गांधी जलसंवर्धन केंद्रामार्फत आलं.

## ‘जेनेटिकली’ म्हणजे जनुकं घुसवली?

नाही. या एका शब्दाने जेवढा गोंधळ घातला तेवढा कुणी घातला नसेल. गिफ्टमध्ये दुसऱ्या प्राण्याचं जनुक घातलेलं नाही. खिलार बैल निवडताना आपल्या आजोबांनी जे केलं तेच इथे वजनकाटा, खुणेचे टॅग आणि वंशावळीची वही घेऊन केलं गेलं. नाव ठेवणाऱ्यांनी थोडा विचार केला असता तर पुढचा अर्धा वाद टळला असता. आणि ओघात एक: ज्या मांगूरवर बंदी आहे आणि ज्याचे साठे पकडल्याच्या बातम्या येतात, तो वेगळा मासा. चिलापीशी त्याचा संबंध नाही.

## दोन वाणांची शर्यत कशी लावतात, आणि ती कशी फसते

‘आमचं वाण दीडपट वाढतं’ हे वाक्य ऐकलं की पहिला प्रश्न: कशाच्या दीडपट, आणि कुठे?

चोख तुलनेत दोन्ही वाणांची एकाच वयाची पिल्लं घेतात, त्यांना खूण करून एकाच तळ्यात सोडतात किंवा सारख्या आकाराच्या हाप्यांत, म्हणजे पाण्यात उभारलेल्या जाळीच्या पेट्यांत ठेवतात. पाणी तेच, खाद्य तेच, गर्दी तीच. आणि हे एकदा करून भागत नाही, तीन-चार हाप्यांत करावं लागतं, कारण एखाद्या कोपऱ्यात प्राणवायू कमी पडला तरी निकाल उलटतो.

यात चकवे बरेच. पहिला, सुरुवातीचं वजन. एका वाणाची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) 10 ग्रॅमची आणि दुसऱ्याची 5 ग्रॅमची सोडली, तर मोठी बोटुकली धाकट्यांना हुसकावून खाद्य बळकावते आणि सहा महिन्यांनी फरक कितीतरी फुगलेला दिसतो. तो वंशाचा नसतो, पहिल्या दिवसाचा असतो.

दुसरा चकवा नर-मादीचा, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. या माशांत मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. त्या काळात ती जवळजवळ उपाशी असते. शक्ती अंड्यांत जाते ती वेगळीच. म्हणून नर स्पष्टपणे जास्त वाढतात, आणि व्यवसायात सगळे नर असलेलं ‘मोनोसेक्स’ बीज वापरतात. आता विक्रेत्याने आपलं मोनोसेक्स गिफ्ट एका तळ्यात आणि शेजाऱ्याची नर-मादी मिसळलेली जुनी चिलापी दुसऱ्यात दाखवली, तर जो फरक दिसेल त्यातला मोठा हिस्सा नरांचा. वाणाचा किती, ते कळायला मार्गच नाही.

तिसरं पाणी आणि हवा. चिलापीला साधारण 27 ते 32 अंशांचं पाणी मानवतं. 20 च्या खाली तिचं खाणं मंदावतं आणि 10-12 अंशांच्या आसपास ती मरायला लागते. उबदार फिलिपिन्समध्ये दिसलेला वेग डिसेंबरात निफाडच्या उघड्या शेततळ्यात दिसणार नाही. तिथे त्या महिन्यांत सगळीच वाणं सारखी सुस्त. पैदासकार याला वाण-परिसर आंतरक्रिया म्हणतात. आपण म्हणू: काळ्या रानातलं वाण माळावर तसंच उतरेल याची हमी नाही.

वेगाबरोबर आणखी एक आकडा बघावा लागतो: एक किलो मासा व्हायला किती किलो खाद्य लागलं. तळं बऱ्यापैकी सांभाळलं तर दीड ते पावणेदोन किलोच्या आसपास. खाद्य हाच सर्वांत मोठा खर्च असल्यामुळे, जलद वाढूनही जास्त खाणारं वाण खिशाला महाग पडू शकतं.

## आता ताटाकडे

कच्च्या तिलापियाच्या 100 ग्रॅम मांसात साधारण 20 ग्रॅम प्रथिनं, दोन ग्रॅमच्या आत चरबी आणि शंभरच्या आतबाहेर कॅलरी. बी-12 हे जीवनसत्त्व मोठ्या माणसाच्या दिवसाच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त मिळतं, सेलेनियमही भरपूर. गिफ्ट असो, चित्रलदा असो, लाल असो, प्रथिनांचा आकडा फारसा हलत नाही. स्नायू हा स्नायू असतो. ‘लवकर वाढली म्हणून पोकळ’ ही समजूत इथेच गळून पडते.

हलते ती चरबी. किती, आणि कुठल्या जातीची.

माशात चरबी वाढली की पाणी कमी होतं, चरबी घटली की पाणी वाढतं. मासा मोठा होतो तशी सहसा चरबीही वाढते. म्हणजे सहा महिन्यांनी जलद वाणाची 600 ग्रॅमची आणि मंद वाणाची 300 ग्रॅमची चिलापी प्रयोगशाळेत नेली आणि पहिलीत चरबी जास्त निघाली, तर तो वाणाचा गुण की आकाराचा? सांगता येत नाही. सारख्या वजनाचे मासेही तपासायला हवेत, आणि ते करायचं राहून जातं.

चरबीच्या जातीबद्दल दोनच शब्द पुरेत. ओमेगा-3 आणि ओमेगा-6 ही शरीराला बाहेरूनच मिळणारी तेलं. पहिलं आपल्या जेवणात कमी पडतं, दुसरं खाद्यतेलांतून उदंड मिळतं. हृदय आणि मेंदूसाठी ज्या ओमेगा-3 ची ख्याती आहे ते 100 ग्रॅम तिलापियात साधारण 0.1 ग्रॅम. बांगडा-तारलीत याच्या कितीतरी पट. इथे चिलापी हरते, आणि ते कबूल करावं.

पण हा आकडा कशाने बदलतो? खाद्याने. सोयाबीन आणि मका यांवर पोसलेल्या चिलापीत ओमेगा-6 वाढतं. खाद्यात जवसाचं तेल घातलं तर ओमेगा-3 चढतं. गोड्या पाण्यातला हा मासा जवसातल्या ओमेगा-3 चा थोडा भाग मासळीतल्या मौल्यवान ओमेगा-3 मध्ये बदलूही शकतो. धरणातली चिलापी शेवाळ आणि पाण्यातले सूक्ष्म जीव खाते, तिच्या चरबीचा नूर आणखी वेगळा. एकाच विणीची भावंडं, एक जवसावर आणि एक सोयातेलावर वाढवलं, तर त्यांच्या चरबीतला फरक दोन वाणांमधल्या फरकापेक्षा सहसा मोठा निघतो. म्हणून वेगवेगळ्या तळ्यांतले मासे बाजारातून आणून ‘या वाणात सत्त्व जास्त’ म्हणणं म्हणजे दोन घरच्या स्वयंपाकावरून दोन गावांच्या मातीचा निकाल लावण्यासारखं.

अहवाल वाचणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. त्यात ‘ओमेगा-3: 15 टक्के’ असं लिहिलेलं असतं. हे टक्के मांसाचे नसतात, चरबीतले असतात. दूध घालणाऱ्याला हे लगेच कळेल: फॅट कितीही लागो, लिटर किती ते सांगितल्याशिवाय बिल निघत नाही. एक-दीड टक्का चरबी असलेल्या माशातले 15 टक्के म्हणजे हाताला लागेल एवढंही नाही.

## ‘बेकनपेक्षा वाईट’ हे कुठून आलं?

तिलापिया बेकनपेक्षा, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसापेक्षा वाईट, असंही म्हणतात. 2008 मध्ये अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी बाजारातल्या माशांची चरबी तपासली. शेतीतल्या तिलापियात ओमेगा-3 च्या मानाने ओमेगा-6 फार जास्त, असं त्यांना दिसलं आणि हृदयरोग्यांनी जपावं असं त्यांनी सुचवलं. त्यातून ‘डुकराच्या बेकनपेक्षा वाईट’ अशी बातमी जगभर पसरली. पोषणतज्ज्ञांच्या एका गटाने लगेच जाहीर पत्र लिहून हे खोडून काढलं.

मोजमाप खरं होतं, निष्कर्ष ताणलेला. प्रमाण वाईट असलं तरी मुळात चरबीच इतकी कमी की 100 ग्रॅम माशात ओमेगा-6 अर्धा ग्रॅमही भरत नाही. तीच तुकडी आपण तव्यावर सूर्यफुलाचं किंवा करडईचं तेल सोडून तळतो तेव्हा एका चहाच्या चमच्यातच दोन-तीन ग्रॅम ओमेगा-6 जातं. माशाला शिव्या घालण्याआधी तेलाच्या बरणीकडे बघावं.

## आणि ते हार्मोन?

चिलापीला हार्मोन देतात, हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. सगळे नर मिळावेत म्हणून अंड्यातून निघालेल्या पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे नर-संप्रेरक (हार्मोन) मिसळलेलं खाद्य देतात. त्या वेळी पिल्लू एक ग्रॅमचंही नसतं. पुढे पाच-सहा महिने साध्या खाद्यावर वाढून ते काही शे ग्रॅमचं होतं, आणि संप्रेरक शरीरातून थोड्याच दिवसांत निघून जातं. खाणाऱ्याला त्याचा धोका मानण्याचं कारण नाही. काळजी बीज केंद्रातल्या कामगाराची, जो ती पूड हाताळतो, आणि तिथून बाहेर सोडल्या जाणाऱ्या पाण्याची. संप्रेरकाशिवाय जवळजवळ सगळे नर देणारी पैदाशीची पद्धतही आहे. ती महाग आणि किचकट असल्याने कमी चालते.

## चिखलट वास वाणाचा का?

नाही. तो पाण्यातले काही नीलहरित शेवाळ आणि जिवाणू तयार करतात त्या पदार्थाचा. माशाला काढणीआधी काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात उपाशी ठेवलं की बराचसा जातो. विकणाऱ्याला एवढा दम नसतो, आणि नाव वाणाचं खराब होतं.

## मग सत्त्वासाठी निवड का करत नाहीत?

इथे पुन्हा ऊस. फडात उभ्या उसाचा रस काढून रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या यंत्राने ब्रिक्स, म्हणजे रसाची गोडी बघता येते. ऊस उभाच राहतो. जिवंत मासा काट्यावर टाकून वजन घेता येतं आणि परत तळ्यात सोडता येतो. त्याच्या मांसात ओमेगा-3 किती, हे मात्र त्याला कापल्याशिवाय नीट कळत नाही, आणि कापलेला मासा पैदाशीला ठेवता येत नाही. भावंडं कापून अंदाज बांधावा लागतो. तो खर्चिक, आणि वाढीइतका भरवशाचा नाही. काप किती निघतो, याचंही तेच. चिलापीच्या वजनाचा जेमतेम तिसरा हिस्सा बिनकाट्याचं मांस म्हणून निघतो, आणि तो हिस्सा निवडीने फारसा हलत नाही. आपल्याकडे डोक्यासकट रस्सा करतात म्हणून हे कुणी मोजत नाही, निर्यातदार मात्र पै-पै मोजतो.

त्यापेक्षा आता निकड वेगळीच आहे. तिलापिया लेक व्हायरस नावाचा विषाणू 2014 मध्ये इस्रायलमधल्या माशांत प्रथम नोंदला गेला, आणि नंतर भारतातही सापडला. तळ्यातले बहुतेक मासे थोड्या दिवसांत जाऊ शकतात. माणसाला त्याचा त्रास नाही. गिफ्टच्याच वेगवेगळ्या कुटुंबांत तो सोसण्याची ताकद कमी-जास्त आहे आणि ती पुढच्या पिढीत उतरते, हे दिसून आलं आहे. पैदासकारांचं लक्ष तिकडे वळलं आहे.

## बीज घेताना

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गिफ्टची शेती परवानगी घेऊन, मोनोसेक्स बीजानेच आणि मासे बाहेरच्या पाण्यात निसटणार नाहीत अशी व्यवस्था करूनच करायची असते. 1952 चा अनुभव गाठीशी असताना ही अट जाचक वाटू नये.

गिफ्ट हे संकरित बियाणं नाही, त्यामुळे पुढच्या पिढीत त्याचे गुण एकदम विखुरत नाहीत. पण मोजक्या जोड्यांवर वर्षानुवर्षं बीज काढलं किंवा धरणातली चिलापी त्यात मिसळली, तर नाव गिफ्टचं राहतं आणि वाढ जुन्या खुज्या चिलापीकडे सरकत जाते. म्हणून विक्रेत्याला वाणाचं नाव विचारून थांबू नका. नर-मादी जोड्या कुठून आणल्या, कधी बदलल्या, बीजात नर किती टक्के, आणि दाखवलेली वाढ कुठल्या महिन्यांतली, हे विचारा. खाणाऱ्याने मासळीवाल्या मावशींना एवढंच विचारावं: धरणातली मोकळी की तळ्या-पिंजऱ्यात वाढवलेली, आणि वाढवलेली असेल तर तिला घालतात काय?